डिप घेणाऱ्याच्या हाती स्विच हवा

सकाळी टाकीत डिपरॉड सोडून साठा मोजणारा माणूस बहुतेक पेट्रोल पंपांवर कमी पगाराच्या लोकांपैकी एक असतो. रॉडवर ओली रेघ कुठे आली ते तो पाहतो, तक्त्यावरून लिटर काढतो, कालचा साठा अधिक टँकरने ओतलेला माल वजा विक्री असा हिशेब मांडतो आणि किती जुळलं ते वहीत लिहितो. टाकीला भोक पडलं असेल, तर त्याची पहिली खबर याच वहीत उमटते. पण ती हातात आल्यावर विक्री थांबवायचा अधिकार त्याच्याकडे नसतो. तो मॅनेजरला सांगतो, मॅनेजर मालकाला फोन करतो, मालक म्हणतो, ‘उद्याचा डिप बघू.’ जमिनीखालच्या टाक्यांच्या नियमांबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते या दोन फोनांमध्ये जाणाऱ्या वेळाबद्दल आहे.

टाक्या जमिनीखाली गेल्या त्या आगीच्या भीतीने. पुरलेल्या टाकीला ऊन लागत नाही, ठिणगी पोचत नाही, गाडीची धडक बसत नाही. पण पुरलेली वस्तू दिसतही नाही. गेल्या शतकात पुरलेल्या टाक्यांपैकी असंख्य साध्या पोलादाच्या होत्या आणि त्यांना गंजापासून वाचवायची काहीच सोय नव्हती. ओल्या मातीत पोलाद एखाद्या ठिकाणी खात जातं आणि सुईच्या टोकाएवढं छिद्र पडतं. सेकंदाला एक थेंब गळाला, तर दिवसाला सुमारे चार लिटर होतात, वर्षाला दीड हजार. रोज हजारो लिटर विकणाऱ्या पंपाच्या हिशेबात चार लिटर कुठेच लागत नाहीत.

विहिरीच्या हिशेबात मात्र ते लागतात. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं आणि बेंझिनमुळे माणसाला रक्ताचा कर्करोग होतो, याबद्दल आता वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. पेट्रोलमध्ये आकारमानाने एक टक्का बेंझिन धरलं, तर एका लिटरात ते पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास भरतं. नुसत्या गुणाकार-भागाकाराने पाहिलं, तर तेवढं बेंझिन आठ लाख लिटरांहून जास्त पाणी त्या मर्यादेपर्यंत नासवू शकतं. प्रत्यक्षात सगळं बेंझिन पाण्यात उतरत नाही; काही उडून जातं, काही मातीतले जिवाणू फस्त करतात. पण ‘चार लिटरांनी काय होतं’ असं म्हणणाऱ्याने हे गणित एकदा स्वतः करून पाहावं.

अमेरिकेतल्या सँटा मोनिका शहराला हे गणित १९९६मध्ये भोगावं लागलं. पेट्रोल अधिक स्वच्छ जळावं म्हणून त्यात एमटीबीई नावाचं रसायन मिसळत असत. ते पाण्यात सहज विरघळतं, मातीत अडकून राहत नाही आणि भूजलाबरोबर दूरवर जातं. टाक्या आणि पाइपांमधून गळलेल्या पेट्रोलबरोबर ते शहराच्या विहिरींत पोचलं, विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराच्या पाणीपुरवठ्याचा निम्म्याच्या आसपास भाग हातचा गेला. हवा स्वच्छ ठेवण्यासाठी घातलेलं रसायन पाण्यात गेलं, कारण ज्या टाक्यांत ते भरलं त्या टाक्या घट्ट नव्हत्या.

या टाक्यांसाठी स्वतंत्र आणि तपशीलवार कायदा करण्यात अमेरिकेचं उदाहरण सगळ्यात चांगलं नोंदलेलं आहे, म्हणून तेच समोर ठेवतो. १९८४मध्ये तिथल्या संसदेने या टाक्या पर्यावरण खात्याच्या देखरेखीखाली आणल्या. १९८८मध्ये तांत्रिक नियम आले आणि जुन्या टाक्या गंजरोधक करायला, त्यांना सांडण्यापासून व ओव्हरफिलपासून, म्हणजे क्षमतेबाहेर भरण्यापासून, संरक्षण द्यायला मालकांना दहा वर्षं मिळाली. मुदत २२ डिसेंबर १९९८ला संपली. नियम आले तेव्हा देशात सुमारे वीस लाख टाक्या होत्या. आता वापरात साडेपाच लाखांच्या आसपास आहेत. बाकीच्या उपसल्या गेल्या किंवा कायमच्या बंद झाल्या, आणि त्या ओघात पाच लाखांहून जास्त गळत्यांची नोंद झाली. एवढं सगळं पोलाद आणि फायबरग्लास बदलूनही गळती संपली नाही, तेव्हा २००५च्या कायद्याने माणसांकडे लक्ष वळवलं. टाकी चालवणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचं झालं, दर तीन वर्षांनी तपासणी ठरली आणि नियम मोडणाऱ्या टाकीत माल ओतण्यावर बंदी घालायचा अधिकार सरकारला मिळाला.

म्हणजे पहिली वीस वर्षं कायदा टाकीचा विचार करत होता, टाकीशेजारच्या माणसाचा विचार त्याने उशिरा केला. केला तोही अर्धाच.

त्या नियमांत ऑपरेटरचे तीन वर्ग आहेत. ‘ए’ वर्गातल्याने एकूण कारभार आणि कायद्याची पूर्तता बघायची: नोंदणी, विमा, पैसे, माणसं. ‘बी’ वर्गातल्याने रोजची यंत्रणा सांभाळायची: गळतीशोधक चालतोय का, गंजरोधक विद्युतप्रवाह सुरू आहे का, चाचण्या वेळेवर झाल्या का. ‘सी’ वर्गातला म्हणजे काउंटरवर बसलेला किंवा पंपावर उभा असलेला माणूस. अलार्म वाजला, इंधन सांडलं तर सगळ्यात आधी धावायचं ते त्याने. विभागणी समंजस आहे. पण रात्री दोन वाजता ‘ए’ आणि ‘बी’ घरी झोपलेले असतात. ‘सी’ वर्गातल्याला काय माहीत असावं हे नियम सांगतो. त्याने थांबवलेली विक्री सकाळपर्यंत थांबलेलीच राहील की नाही, हे मात्र मालकाच्या मर्जीवर राहतं.

तीन वर्षांत एकदा येणारा तपासनीस काय बघू शकतो, याचाही हिशेब करावा. २०१५च्या सुधारित नियमांप्रमाणे दर ३० दिवसांनी ऑपरेटरने स्वतः फेरी मारून पाहणी करायची असते: टँकर ज्यातून माल ओततो त्या फिल पाइपभोवतीच्या स्पिल बकेटमध्ये, म्हणजे सांडलेलं इंधन धरणाऱ्या बादलीत, पाणी किंवा कचरा साचलाय का, ती तडकली आहे का, झाकण नीट बसतंय का, गळतीशोधक यंत्र काही इशारा देतंय का. संपमधली, म्हणजे टाकीवर पाइपांचे जोड असलेल्या खड्ड्यातली, पाहणी वर्षाला एकदा. तपासनीसाच्या दोन भेटींच्या मध्ये अशा ३६ फेऱ्या होतात. त्यांतल्या किती खरंच मारल्या आणि किती एकाच बैठकीत, एकाच पेनने, एकाच अक्षरात भरल्या, हे कागद बघून ओळखणं फार कठीण आहे. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात बकेट पाण्याने भरली होती की नाही, हे तपासनीस आज कसं सांगणार? टाकीवरचं खरं नियंत्रण सरकारचं नसतं. ते रोज तिथे असणाऱ्याचं असतं, हे मान्य करूनच नियम लिहायला हवेत.

आता वहीकडे परत येऊ. पेट्रोल उष्णतेने फुगतं. दहा हजार लिटर साठ्यात एका अंशाचा फरक पडला, तर दहा-बारा लिटर इकडेतिकडे होतात. डिपरॉड किंचित तिरका गेला, टँकर उतरल्यावर पुरेसा वेळ न देता डिप घेतला, तक्ता दुसऱ्याच टाकीचा असला, नोझलचं माप जरा सुटलेलं असलं, तर आकडा हलतो. म्हणून नियमाला सूट द्यावीच लागते. साठ्याच्या हिशेबाची अमेरिकी पद्धत महिन्याच्या उलाढालीच्या एक टक्का अधिक १३० गॅलन एवढा फरक चालवून घेते. १३० गॅलन म्हणजे सुमारे ४९० लिटर. महिन्याला दहा हजार गॅलन विकणाऱ्या टाकीत २३० गॅलन, म्हणजे जवळजवळ ८७० लिटर फरक पडला, तरी कागदावर ती टाकी निर्दोष. म्हणूनच नुसत्या हिशेबावर कायम विसंबू दिलेलं नाही. टाकीची घट्टपणाची चाचणीही जोडीला घ्यावी लागते आणि काही वर्षांनी दुसऱ्या पद्धतीकडे जावं लागतं. टाकीतली पातळी आपोआप मोजणारं स्वयंचलित गेज बरंच बारीक बघतं, पण त्याच्या मासिक चाचणीचा निकषही तासाला ०.२ गॅलन, म्हणजे पाऊण लिटर आहे. महिन्याचे पाचशेहून जास्त लिटर होतात.

सूट चूक आहे असं मी म्हणत नाही. मोजमापाला मर्यादा असते आणि ती प्रामाणिकपणे मान्य करणं हेच शास्त्र. माझी तक्रार वेगळी आहे. सूट दिली की तिच्या आत बसणारी प्रत्येक तूट निष्पाप ठरते, आणि बाहेर गेलेल्या तुटीलाही आत आणायची कारणं तयार असतात. उडालं असेल. गारठा पडलाय. टँकरनेच कमी ओतलं. मीटर जास्त देतोय. ही सगळी कारणं कधी ना कधी खरी असतात, हीच त्यांची अडचण. एक दिवस खरं ठरलेलं कारण महिनाभर वापरलं जातं. चांगला ऑपरेटर आकड्याइतकाच त्याच्या दिशेकडे बघतो: मापाची चूक कधी वाढ दाखवते, कधी घट, गळती रोज घटच दाखवते. सलग पंधरा दिवस वजा चिन्ह आलं, तर प्रत्येक आकडा मर्यादेत असला तरी जमिनीखाली काहीतरी चाललंय. हे सांगायला कुठलं यंत्र लागत नाही, वही वाचणारा लागतो.

वही न वाचल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण एखाद्या लहानशा पंपाचं नाही, अमेरिकी नौदलाचं आहे. हवाई बेटांवर होनोलुलूजवळ रेड हिल इथे डोंगर पोखरून १९४० ते १९४३ या काळात वीस टाक्या बांधल्या होत्या. प्रत्येकीत सव्वा कोटी गॅलन इंधन मावायचं आणि त्यांच्या खाली साधारण शंभर फुटांवर पिण्याच्या पाण्याचा भूजलसाठा. मे २०२१मध्ये इंधन इकडून तिकडे नेताना चूक झाली आणि जवळपास वीस हजार गॅलन इंधन बाहेर पडलं. सांडलेलं म्हणून जाहीर झालं आणि गोळा केलं गेलं ते त्यातलं थोडंसं; बाकीचं आग विझवण्याच्या यंत्रणेच्या निचरा पाइपमध्ये जाऊन बसलं. टाकीतली पातळी घटल्याचं आकड्यांत होतं. पण ते इंधन पुन्हा पाइपलाइनमध्येच भरलं गेलं असेल असं धरून तुटीचा माग सोडून दिला गेला. सहा महिने ते त्या पाइपमध्ये राहिलं. २० नोव्हेंबरला बोगद्यातल्या छोट्या गाडीचा धक्का त्या पाइपवरच्या व्हॉल्व्हला लागला, इंधन बाहेर आलं आणि विहिरीत पोचलं. आठवड्याभरात लोक नळाच्या पाण्याला इंधनाचा वास येतो म्हणून तक्रारी करू लागले. त्या पाणीपुरवठ्यावर सुमारे ९३ हजार लोक अवलंबून होते. पाणी असुरक्षित असल्याची तातडीची काही खूण नाही, असं सुरुवातीला नौदलाने सांगितलं होतं. पुढे मार्च २०२२मध्ये तो साठा कायमचा बंद करायचा निर्णय झाला.

पैशांची चणचण नव्हती, माणसांची नव्हती, यंत्रांची नव्हती. वीस हजार गॅलनची तूट कुणाला तरी दिसली आणि ‘हे कुठे गेलं ते कळेपर्यंत पुढचं काम बंद’ असं म्हणायची सक्ती कुणावरच नव्हती.

म्हणून माझी पहिली मागणी अगदी साधी आहे. तूट किती झाली किंवा कोणता अलार्म वाजला की विक्री आणि पंपिंग थांबवायचं, हे आधी लिहून ठेवलेलं असावं, आणि सगळे पंप बंद करणारा आपत्कालीन स्विच पाडायला हजर असलेल्या ऑपरेटरला कुणाची परवानगी लागू नये. पुन्हा सुरू करायला मात्र लागावी, तीही लेखी, नाव आणि सही घालून, कारण नमूद करून. आज बहुतेक ठिकाणी उलट चालतं: बंद करायला वरची परवानगी, आणि वाजणारा अलार्म दाबून गप्प करायला कुणाचीच नाही. अलार्म गप्प केलेला प्रत्येक प्रसंग यंत्राच्या आठवणीत राहतो; पाहणीचे भरलेले तक्ते बघण्याआधी तपासनीसाने तो इतिहास छापून मागवावा. त्यात जास्त सत्य सापडेल.

संशयित गळती २४ तासांत कळवायची, असा अमेरिकी नियम आहे. त्यातला ‘संशयित’ हा शब्द मोलाचा आहे. खात्री होईपर्यंत थांबायचं म्हटलं, तर माणूस खात्री न होण्याचेच मार्ग शोधतो. पण संशय कळवणाऱ्याला पहिल्याच दिवशी चौकशी, दंड, बदनामी मिळणार असेल तर कोण कळवेल? इथे माझं मत स्पष्ट आहे. वेळेवर कळवलेल्या संशयाला दंड नको, तो खोटा निघाला तरी आणि खरा निघाला तरी. सफाईची जबाबदारी मालकाचीच, पण कळवल्याची शिक्षा नको. शिक्षा लपवल्याची हवी, आणि ती एवढी हवी की लपवण्यात फायदा उरू नये. माल ओतायला बंदी हे हत्यार म्हणूनच मला न्यायाचं वाटतं. फिल पाइपवर खूण लावली की टँकर तिथे उतरतच नाही. दंडाची पावती ड्रॉवरमध्ये राहते, रिकामी टाकी मात्र त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकांना परत पाठवते.

यावर लहान मालकांचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. दुहेरी भिंतीची टाकी, भिंतींमधल्या पोकळीतला सेन्सर, दर तीन वर्षांनी स्पिल बकेट, संप आणि ओव्हरफिल यंत्रणेची चाचणी, गंजरोधक प्रवाहाची चाचणी, शिवाय माणसांचं प्रशिक्षण. एका पंपाच्या मालकाला हे जड जातं. यातली काही माणसं कर्ज काढून धंदा चालवतात. एक मोठी गळती झाली, तर सफाईच्या खर्चात सगळं विकलं जाईल, आणि तरी पाणी साफ होणार नाही. म्हणूनच अमेरिकेत पेट्रोल विकणाऱ्याकडे एका घटनेमागे दहा लाख डॉलरची सोय विमा, हमी किंवा निधी अशा रूपाने असल्याचा पुरावा मागतात, आणि ज्या टाक्यांचा धनी सापडत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक गॅलनमागे एका सेंटचा दहावा भाग एवढा कर घेऊन निधी उभा केलेला आहे. असा सामाईक भार मला पटतो. पेट्रोल आपण सगळे वापरतो. पण मी मांडलेल्या मागण्यांपैकी बऱ्याचशा फुकट आहेत. वही रोज वाचायला पैसे लागत नाहीत. अलार्म गप्प न करायला लागत नाहीत.

काही वेळा तर नियम मोडणं हेच ‘सोयीचं’ म्हणून रूढ होतं. फिल पाइपमध्ये एक पाकळी असते. टाकी ९५ टक्के भरली की ती मिटते आणि ओतणं थांबतं. ती खाली मिटू नये म्हणून त्यात काठी खुपसून ठेवण्याचा प्रकार या धंद्यात नवा नाही. माल लवकर उतरतो, शेवटचे काही लिटर मावतात. काठी कुणी घातली हे शोधताना बोट नेहमी खालच्या माणसाकडे जातं. मला विचारावंसं वाटतं, टँकर किती मिनिटांत रिकामा करायचा हे कुणी ठरवलं होतं? टाकीत मोकळी जागा किती आहे हे न मोजता ऑर्डर कुणी दिली?

प्रशिक्षणाबद्दलही तेच. पडद्यावर प्रश्न, चार पर्याय, शेवटी प्रमाणपत्र, आणि ते भिंतीवर. ‘सी’ वर्गातली माणसं काही महिन्यांत नोकरी बदलतात, म्हणून मालक खर्च टाळतो, हे समजतं. पण एक तास या माणसाला टाक्यांभोवती फिरवून आणा. आपत्कालीन स्विच प्रत्यक्ष पाडायला लावा, सगळे पंप बंद झालेले दाखवा, अलार्मचा आवाज ऐकवा. ज्याने तो स्विच एकदाही पाडलेला नाही, तो खऱ्या वेळी आधी फोनच शोधणार.

आणि मालकालाही शिकावं लागेल. अमेरिकी पर्यावरण खात्याने २०१६मध्ये ४२ डिझेल टाक्यांच्या आत डोकावून पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३५ टाक्यांच्या आतल्या धातूच्या भागांवर मध्यम किंवा तीव्र गंज होता. आपल्या टाकीत असं काही आहे याची आधी कल्पना असलेले मालक चौथा हिस्साही नव्हते. तळाशी साचलेल्या पाण्यात जीवजंतू वाढतात, आम्ल तयार होतं आणि व्हॉल्व्ह, पाकळ्या, गळतीशोधक असं सगळं ज्यावर भरवसा ठेवायचा तेच खाल्लं जातं. डिपरॉडच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावून तळ तपासणं हे जुनं काम आहे. ते करणाऱ्याला त्याचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो.

दुसरी मागणी शेजाऱ्यांच्या वतीने आहे. टाकीजवळच्या विहिरीचं पाणी जे पितात, त्यांना त्या टाकीची शेवटची घट्टपणाची चाचणी कधी झाली, निकाल काय आला, संशयित गळती कधी कळवली, हे मागता क्षणी बघता आलं पाहिजे. धंद्याची गुपितं नकोत, विक्रीचे आकडे नकोत. एवढेच तीन-चार तपशील दर्शनी फलकावर. पंपवाले म्हणतील, यातून विनाकारण घबराट होईल. रेड हिलच्या लोकांना वासावरून कळलं. आधी कागदावरून कळलं असतं तर मुलांना ते पाणी पाजलं गेलं नसतं.

सगळ्यात जास्त काळजी मला बंद पडलेल्या टाक्यांची वाटते. पंप तोट्यात गेला, मालक वारला, जागा विकली, वर दुसरंच काही उभं राहिलं. टाकी खाली तशीच, तळाला थोडा माल घेऊन. वर्षभराहून जास्त काळ वापर थांबला तर टाकी रिकामी करून, साफ करून, काढून टाकावी किंवा घन भरावाने भरून टाकावी आणि जमीन तपासावी, अशी तजवीज चांगल्या नियमांत असते. पण या टाकीचा डिप आता कुणी घेत नाही. अलार्मची वीज कधीच तोडलेली असते. गंजरोधक प्रवाह त्याच मीटरवर होता, तोही थांबलेला असतो. म्हणून परवाना देतानाच टाकी उपसायचा खर्च अनामत म्हणून बाजूला काढून घ्यावा, आणि विक्री बंद झाल्याचा दिवस नोंदवायची जबाबदारी मालकाबरोबर शेवटचा टँकर ओतणाऱ्या पुरवठादारावरही टाकावी. आपण कुठल्या टाकीला माल द्यायचं थांबवलं, हे त्याच्या दप्तरात तारखेसकट असतं.